कॉलेज रोड की अमृतधाम: चारचाकीसह भाड्याचे घर शोधताना

नाशिकमध्ये शिक्षणासाठी किंवा प्राध्यापकीसाठी येणाऱ्या आणि सोबत स्वतःची चारचाकी असणाऱ्या माणसाला एजंट बहुधा दोन भाग दाखवतात: गोदावरीच्या अलीकडचा कॉलेज रोड–गंगापूर रोड आणि पलीकडचा, पंचवटीच्या बाजूचा अमृतधाम–आडगाव पट्टा. या दोहोंची तुलना भाड्यावरून केली जाते. माझ्या मते ती आधी पार्किंगवरून करावी.

एचपीटी–आरवायके किंवा बीवायके महाविद्यालयात जायचे असेल, तर कॉलेज रोड, थत्तेनगर, मॉडेल कॉलनी या भागांतून पायीही जाता येते. गंगापूर रोडवरचे केटीएचएमही दूर नाही. किराणा, मेस, दवाखाना सारे हाताशी आहे. अडचण आहे ती जुन्या इमारतींची. त्यांचे तळमजल्याचे पार्किंग ज्या काळात घरटी एखादी स्कूटर असे, त्या काळाच्या हिशेबाने केलेले आहे. खांबांमधल्या जागेत दोन गाड्या एकामागे एक लावल्या जातात आणि मागच्याला सकाळच्या पहिल्या तासाला जायचे असेल, तर पुढच्याच्या दाराची बेल वाजवण्यावाचून गत्यंतर नसते. जाहिरातीतल्या पार्किंगचा अर्थ इथे बऱ्याचदा ‘गेटच्या आत जागा मिळाली तर’ एवढाच निघतो. रस्त्यावर लावू म्हणावे, तर संध्याकाळी खवय्यांची आणि क्लासच्या मुलांची इतकी गर्दी होते की तो विचार सोडून द्यावा. दुचाकी असेल, तर मात्र मी दुसरीकडे पाहणारही नाही.

अमृतधामच्या बाजूला के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय मुंबई–आग्रा महामार्गालगत आहे आणि पुढे आडगावकडे मविप्रचे (मराठा विद्या प्रसारक समाजाचे) वैद्यकीय महाविद्यालय व भुजबळ नॉलेज सिटी आहे. येथील इमारती तुलनेने नव्या असल्यामुळे फ्लॅटमागे क्रमांक टाकलेली पार्किंगची जागा मिळण्याची शक्यता अधिक असते आणि शिवाय रो-हाउसचाही पर्याय असतो. परंतु येथे राहून रोज कॉलेज रोडला जायचे असेल, तर निमाणी, पंचवटी कारंजा आणि रविवार कारंजा ही गर्दीची ठिकाणे वाट्याला येतात. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाचा विचार आताच करावा, कारण पर्वकाळात रामकुंड–तपोवन परिसरातील वाहतुकीवर निर्बंध येतात आणि त्याची झळ आसपासच्या वस्तीलाही बसते. जुन्या पंचवटीत स्वस्त खोली घेऊन गाडी गोदाघाटावर लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीभोवती पाणी चढते आणि घाटावरच्या गाड्या तेव्हा कोणाची वाट पाहत नाहीत.

पाथर्डी फाटा–इंदिरानगर हा तिसरा पर्याय नोकरदार कुटुंबांना बरा. विद्यार्थ्याला लांब पडतो. महिरावणीच्या संदीप विद्यापीठात जाणाऱ्याने सातपूर–त्र्यंबक रोडकडेच पाहावे.

भाग कोणताही ठरला, तरी पार्किंगचा खरा प्रश्न कागदाचा आहे. सोसायटीतील जागेचे वाटप सोसायटी सभासदांना करते, भाडेकरूला नाही; म्हणून घरमालकाच्या नावे जागा आहे का, आणि असल्यास ती भाडेकरूला वापरू देण्यास सोसायटीची हरकत नाही ना, हे सेक्रेटरीकडून लेखी घ्यावे. वॉचमनच्या तोंडी होकारावर विसंबून डिपॉझिट देऊ नये. जागेचा क्रमांक, तसेच मेंटेनन्स आणि मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटीने लावलेले बिनभोगवटा शुल्क कोण भरणार, हे लिव्ह अँड लायसन्स करारातच नमूद करून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ‘नोटरी केले की झाले’ हे अनेक मालकांचे ठरलेले वाक्य असले, तरी त्याने नोंदणीची गरज भागत नाही.

जागा पाहायला दुपारी जाऊ नये, कारण तेव्हा निम्म्या गाड्या बाहेर असतात आणि कोणतेही पार्किंग ऐसपैस दिसते. रात्री नऊनंतर स्वतःची गाडी घेऊन जावे, ठरलेल्या जागेत ती लावून दरवाजा पुरता उघडतो का ते पाहावे आणि कोणालाही न उठवता ती बाहेर काढून दाखवा, असे मालकालाच सांगावे. चार महिन्यांचे डिपॉझिट मागणाऱ्याकडून एवढी अपेक्षा वावगी नाही.