मागे बसवायचं रेडिएटर किट: गाडी तापायची थांबली, पण होज क्लिपांनी वैताग आणला

परवा पुन्हा सीटमागे कूलंटचा तो गोडसर वास आला. कूलंटच्या नळीच्या, म्हणजे होजच्या, जोडाखाली बोट फिरवलं तर चिकट हिरवी ओल लागली, आणि म्हटलं आता लिहायलाच हवं. रेडिएटर पुढच्या जाळीमागून काढून कॅबिनच्या मागे उंचावर नेणारं किट माझ्या साइड-बाय-साइडवर, म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या ऑफ-रोड गाडीवर, लावून आता बरेच महिने झाले. इंजिन तापण्याचा त्रास त्याने संपवला, हे आधीच सांगतो. तरीही मी ते डोळे झाकून घ्या असं कोणालाही म्हणणार नाही. कारण होज क्लिप, म्हणजे होज जोडावर आवळून धरणाऱ्या पट्ट्या.

या गाड्या का तापतात हे वापरणाऱ्यांना सांगायला नको. लो गिअर, मागे भरलेला ट्रेलर, समोर चढ. इंजिन जोर लावतंय, पण वेग माणसाच्या चालण्याइतका, म्हणजे समोरून वारा शून्य. सगळा भार पंख्यावर. त्यात मूळ रेडिएटर खाली, पुढच्या चाकांच्या मधोमध. उडालेला चिखल थेट त्याच्यावर, आणि इंजिनच्या उष्णतेने तो फिन्समध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये, भाजून विटेसारखा घट्ट होतो. मग पंखा कितीही फिरो, हवा आरपार जातच नाही. माझ्या गाडीत डॅशवरचा तापमानाचा आकडा चिखलात १०५ अंशांच्या वर जाऊन बसायचा आणि लाल दिवा लागला की थांबावंच लागायचं. इंजिनचं वरचं अॅल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, एकदा वाकलं की मशीन शॉपची वारी आणि गॅस्केटचा खर्च, त्यापेक्षा किट स्वस्त, हा माझा हिशोब होता. तो आजही बरोबर वाटतो.

किटमध्ये जाड कोअरचा (कोअर म्हणजे फिन्सचा गाभा) अॅल्युमिनियम रेडिएटर, कोअरची पूर्ण पाठ झाकून हवा पंख्याकडे नेणारं आवरण म्हणजे श्राउड, एक मोठा पंखा, रिलेसकट हाताने चालवायचा स्विच आणि लांब सिलिकॉन होज. बसवणं किचकट आहे पण अवघड नाही. हवा काढताना मात्र घाई करू नका. होज लांब असल्यामुळे कूलंट जास्त लागतं आणि फ्लोअरखालच्या प्रत्येक वळणात हवा अडकते. गाडी अशी उभी करा की रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर येईल, थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून सुरू करा, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडून वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि भरत राहा.

फरक पहिल्याच चढावर दिसला. तोच ट्रेलर, तोच चिखल, आकडा ९० ते ९५ च्या मध्ये. मी खूश होतो आणि सगळं श्रेय मोठ्या कोअरला देत होतो.

ते मत नंतर बदललं. माझ्याच मॉडेलची गाडी असलेल्या मित्राने मूळ रेडिएटर जागेवरच ठेवला. फक्त त्याला नीट श्राउड लावलं, पुढे बारीक जाळी बसवली आणि पंख्याला हाताचा स्विच दिला. कोरड्या दगडी चढावर त्याचा आकडा माझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन अंशांनी जास्त. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो आणि कोअरचे कोपरे आयते बसून राहतात. स्विचचा फायदा असा की संगणक पंखा सुरू करायची वाट पाहत बसावं लागत नाही. चढ लागायच्या आधीच तो चालू करता येतो. इंजिन नुसतं चालू ठेवून उभं असताना बॅटरीकडे तेवढं लक्ष ठेवायचं. मित्र मागे पडतो तो चिखलात, कारण त्याची जाळी भरते आणि माझा रेडिएटर कोरडा राहतो. म्हणून ज्यांची गाडी चिखलात फारशी जात नाही, त्यांनी एवढ्या मोठ्या किटवर पैसे घालू नयेत. मी हे आधी उलट सांगत फिरत होतो, पण आता माझं म्हणणं हे आहे.

आता क्लिप. एवढ्या महागड्या किटमध्ये दिल्यात त्या साध्या स्क्रूच्या, पट्टीला आरपार खाचा पाडलेल्या क्लिप. सिलिकॉन मऊ असतं. क्लिप आवळली की ते त्या खाचांमधून फुगून वर येतं आणि पट्टीची धार त्यात रुतते. इंजिन गरम झालं की सगळं फुगतं, थंड झालं की आकसतं, आणि सिलिकॉन दबलेल्या आकारातच राहतं. म्हणून गळती नेमकी थंडीच्या सकाळी होते. गाडी गरम असताना तपासलं तर जोड कोरडा ठणठणीत. आणखी आवळलं तर आणखी रुततं. मी एक होज काढून पाहिला तेव्हा आतल्या कापडी थरापर्यंत चौकोनी ठसे उमटले होते, आणि दोन ठसे चिरले होते. त्यावर कहर म्हणजे मधल्या जोडनळ्यांच्या टोकाला उठलेली कडही नाही, होज अडकून राहायला काही आधारच नाही.

थेंबभर गळतीचं एवढं काय, असं विक्रेता मला फोनवर म्हणाला. एवढंच आहे की कूलिंगचा सगळा खेळ दाबावर चालतो. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला तर ते १२५ च्या पुढे जातं. दाब निसटला की हेडच्या सर्वांत गरम भागात वाफ धरायला सुरुवात होते, आकडा तितका वाईट दिसत नसला तरीही. दुसरी गोष्ट त्याहून घातक. इंजिन थंड होताना झाकणातली उलटी झडप बाजूच्या बाटलीतून कूलंट आत ओढते. जोड सैल असेल तर कूलंटऐवजी त्या जोडातून हवा आत येते. म्हणजे बाटली काठोकाठ भरलेली दिसते आणि रेडिएटर वरून रिकामा होत जातो. सेन्सर हवेत आला तर तो आकडाही कमीच दाखवतो. आपण निर्धास्त, आणि आत हेड भाजतंय. म्हणून बाटलीवर विश्वास ठेवू नका. गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढून आत बघा.

कंपनीचं उत्तर दर वेळी एकच: आवळत राहा. फोटो पाठवले, चिरलेला होज पाठवायची तयारी दाखवली, तर म्हणाले क्लिप वॉरंटीत येत नाहीत. होज येतात, पण क्लिपमुळे कापलेला होज येत नाही. किटच्या किमतीपुढे चांगल्या क्लिपांचा खर्च काहीच नाही, आणि तोच त्यांनी वाचवला. याचा मला मनापासून राग आहे.

शेवटी हात पोहोचेल त्या सगळ्या जोडांवर स्वतःच्या खर्चाने स्प्रिंग वॉशरच्या, सतत ताण धरून ठेवणाऱ्या क्लिप लावल्या. आतून पट्टी गुळगुळीत असलेल्या. चिरलेल्या टोकांचा तेवढा तुकडा कापून टाकला. ते जोड तेव्हापासून कोरडे आहेत. परवाची ओल आली ती थर्मोस्टॅटजवळच्या शेवटच्या जोडावर, जिथे हात पोहोचत नाही म्हणून जुनीच क्लिप राहिली होती. आता तीही जाईल.

बाकी तक्रारी किरकोळ. पंखा गरम हवा मागे फेकतो, तरी गाडी उभी असताना थोडी मानेवर येतेच. मागचं दिसणं कमी झालं. फिन्स धुताना प्रेशरचं पाणी तिरकं मारू नका, फिन्स वाकतात. पंख्याच्या बाजूने, साध्या धारेने धुवा. कमी अंशांचा थर्मोस्टॅट लावायचा सल्लाही बरेच जण देतात. तो फक्त लवकर उघडतो. एकदा पूर्ण उघडल्यावर रेडिएटर तेवढीच उष्णता बाहेर टाकणार.

किट घेणार असाल तर विक्रेत्याकडून आधी जोडनळीच्या टोकाचा आणि क्लिपचा जवळून काढलेला फोटो मागवा. टोकाला कड नसेल किंवा पट्टीत खाचा दिसल्या, तर चांगल्या क्लिपांचा खर्च किमतीत धरूनच हिशोब करा आणि त्या पहिल्याच दिवशी बदला, होज कापला जाण्याआधी.