क्यूबेसिकमध्ये जॉयस्टिक: ‘स्टिक’ फंक्शन की थेट पोर्ट?

क्यूबेसिक या डॉसवरच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या गेममध्ये जॉयस्टिक हलवूनही यान जागचं हलत नसेल, तर आधी कोडमध्ये ‘स्टिक(०)’, म्हणजे जॉयस्टिकची स्थिती वाचणारं फंक्शन, कुठे आहे ते शोधा. स्टिक(१), (२) आणि (३) हे तिन्ही आकडे स्टिक(०) बोलावल्याच्या क्षणी टिपलेले असतात. लूपमध्ये नुसतं स्टिक(१) वाचत राहिलात, तर तोच शिळा आकडा हाती येतो. बटणांचंही तसंच: स्ट्रिग(१) ‘आत्ता दाबलंय का’ ते सांगतं, तर स्ट्रिग(०) मागच्या तपासणीनंतर कधी दाबलं होतं का, ते.

दुसरा रस्ता हेक्स २०१ (सोळा-आधारी आकडा) या पोर्टचा, म्हणजे जॉयस्टिकशी थेट बोलायच्या पत्त्याचा. ‘आउट’ने तिथे कुठलीही किंमत लिहायची आणि ‘इन्प’ने वाचत राहायचं. खालचे चार बिट अक्षांचे. जॉयस्टिकमधल्या पोटेन्शिओमीटरच्या (दांडा हलवला की रोध बदलणाऱ्या भागाच्या) रोधानुसार ते १ वरून ० वर यायला कमीजास्त वेळ घेतात. १०० किलोओहमला साधारण १.१ मिलिसेकंद. वरचे चार बटणांचे, दाबल्यावर ० होणारे. अडचण अशी की बिट ० होईपर्यंत लूपच्या किती फेऱ्या झाल्या ही मोजणी प्रोसेसरच्या वेगावर ठरते, त्यामुळे मशीन बदललं की कॅलिब्रेशन (कुठला आकडा म्हणजे कुठली स्थिती हे ठरवणं) नव्याने करावं लागतं.

म्हणून गेमसाठी मी स्टिकच वापरेन. बिघाड शोधताना मात्र पोर्टला तोड नाही: एखाद्या अक्षाचा बिट १ वरच अडकून राहिला, तर वायर तुटलीय किंवा जॉयस्टिक जोडलेलीच नाही, हे लगेच कळतं.

डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यान आपोआप सरकत असेल, तर कोडला हात लावण्याआधी त्याच्या कॉन्फिग फाइलमधलं जॉयस्टिकचं ‘टाइम्ड’ हे सेटिंग बदलून पाहा.