धुण्याचा सोडा आणि निम्मी पावडर: दिवाळी ते गणपतीचा अनुभव

आमच्या ह्यांचा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा घरखर्चाला कात्री लावणं भागच होतं. दूध, किराणा, फी यांना हात लावता येत नाही, म्हणून नजर धुण्यावर गेली. मागच्या दिवाळीपासून पावडर निम्मीच घालते, जोडीला धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुटा मिळतो तो. खाण्याचा सोडा वेगळा, तो महाग पडतो आणि या कामाला कमी पडतो.

शहापुरात आमच्या घरी पाणी दोन तऱ्हेचं. नळाला येतं ते राकसकोप-हिडकल धरणांचं, आणि नळ कोरडा असला की बोअरचं. बोअरचं पाणी जड. कितीही साबण घासा, फेस धरत नाही, वर पांढुरकी साय येते आणि तीच कपड्याला चिकटते. सोडा आधी पाण्यात विरघळवला की पाण्यातलं कॅल्शियम साका होऊन वेगळं पडतं, मग साबण मळाच्या कामी येतो. बादलीला एक मोठा चमचा पुरतो. नळाच्या पाण्याला मात्र सोडा फारसा लागतच नाही, तिथं नुसती पावडर कमी करा. फेस कमी दिसला म्हणून जीव खालीवर करू नका; फेस जास्त झाला तर खळबळायलाच दोन बादल्या जादा लागतात.

खरी परीक्षा कारखान्यातल्या पँटींची. तेल आणि काळा भुगा. रात्री कोमट पाण्यात सोडा घालून भिजत टाकायच्या, सकाळी गुडघ्यांना आणि खिशांच्या कडांना साबणाची वडी चोळून ब्रश मारायचा. पाणी काळंकुट्ट होतं. जुन्या तेलाचा पिवळट डाग राहतोच, पण कामावरच्या कपड्याला चालतंय की ओ.

आता तोटे. हात कोरडे पडतात, हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा कालवू नका, भांडं काळं पडतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी प्लास्टिकची बादली पुढे सरकवली. रेशमी पदराची इरकल आणि लोकरीचे स्वेटर यांना सोडा अजिबात नको. त्यांना रिठा बरा: कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून. पण पांढऱ्या शर्टांना रिठा नको, मळकट छटा येते. बाजारातली एक सुटी, बिननावाची पावडरही वापरून बघितली. स्वस्त होती, पण मुलीच्या नव्या फ्रॉकचा रंग उतरला, तेव्हापासून ती फरशीला.

वीज मशीनच जास्त खातं असं वाटलं होतं, पण उलटंच निघालं. आमचं मशीन सेमी-ऑटोमॅटिक, धुण्याची मोटर चारशे वॅटच्याही आत. अर्धा तास चाललं तरी युनिटचा पाचवा हिस्सा लागत नाही. हजार वॅटची इस्त्री तासभर सतत तापली तर एक युनिट जातं! कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटच्या आतल्या घरांना बिल शून्य येतं, पण प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या जुन्या सरासरीवरून ठरलेली आहे, सगळ्यांना सरसकट 200 नाही. त्यामुळे आता इस्त्री फक्त गणवेश आणि ऑफिसच्या शर्टाला. बाकीचे कपडे पिळताना झटकून, शिवणी ओढून दोरीवर घातले की घडी बरी बसते.

पाणी एकदाच भरते. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्यानं मोरी घासून होते.

पावसाळ्यात हे सगळं थोडं बिघडतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळता वाळत नाहीत आणि लोक ओल्यावरच इस्त्री फिरवतात, तिथंच युनिटं पळतात. त्यापेक्षा स्पिन दोनदा मारा आणि एका वेळी थोडेच कपडे धुवा. जाड चादरी मात्र ऊन पडेपर्यंत धुवायला काढूच नका, कुबट वास आला की पुन्हा सगळा साबण लागतो.