रायन की वॉटर डिव्हायनर? कबरींसाठी बघणार असाल तर

मित्राने विचारलं, लढाई नको, लढाईनंतर मेलेल्यांचं काय होतं ते दाखवणारा पिक्चर सांग, रात्र एकच आहे. माझ्या डोक्यात दोनच आले, ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) आणि ‘द वॉटर डिव्हायनर’ (२०१४). दोन्ही मी मामांबरोबर बघितलेत, मामा फौजेतून रिटायर झालेले.

रायनची सुरुवात आणि शेवट फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या खऱ्या अमेरिकन दफनभूमीत आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य जिथे उतरलं त्या ओमाहा बीचच्या अगदी वर, नऊ हजारांहून जास्त कबरी. तो म्हातारा चार पावलं पुढे चालतोय, बायको-मुलं-नातवंडं मागे, कुणी हाक मारत नाही, तेवढा शॉट मी कितीही वेळा बघेन. ज्या खऱ्या नायलंड सैनिक भावांवरून ही गोष्ट सुचली त्यातले दोघं खरंच तिथे पुरलेले आहेत, हे कळल्यावर तर जास्तच लागतं.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. कॅमेरा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि आपण थेट ओमाहाच्या किनाऱ्यावर, म्हणजे ही त्याची आठवण. शेवटी कळतं की तो रायन, पॅराशूटने उतरलेला, त्या किनाऱ्यावर नव्हताच! मामा एवढंच म्हणाले, "अरे मग हे आठवलं कुणाला?" लढाईत असली चलाखी मी सोडून दिली असती, पण कबरीसमोर उभ्या माणसाच्या आठवणीत नाही चालत बुवा. कदाचित मीच जास्त मनाला लावून घेत असेन.

वॉटर डिव्हायनरमध्ये दफनभूमी अजून व्हायचीय. १९१९, तुर्कस्तानातलं पहिल्या महायुद्धाचं रणांगण गॅलिपोली, कबरी शोधणारं ब्रिटिश पथक हाडं गोळा करतंय आणि चार वर्षांपूर्वी समोरून गोळ्या झाडणारा तुर्की मेजरच त्यांना जागा दाखवतोय. पथकातला सिरिल ह्यूज खरा माणूस, त्याच्या पत्रात मुलाची कबर शोधत ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा उल्लेख आहे, तेवढ्या एका ओळीवरून अख्खा पिक्चर. पिक्चरमधला बाप जमिनीखालचं पाणी शोधणारा, म्हणजे वॉटर डिव्हायनर, तो गॅलिपोलीत मेलेल्या मुलांना शोधायला येतो; सुरुवातीलाच तो रात्री मुलांच्या खोलीत बसून गोष्ट वाचतो, आईचा तसा हट्ट असतो, आणि कॅमेरा फिरतो तर पलंग रिकामे. तिथे मामांनी चष्मा काढून ठेवला.

हॉटेलवालीची लव्हस्टोरी नसती तरी चाललं असतं, आणि पाणी शोधावं तशा त्याला कबरी सापडतात हे पटायला जड जातं, मान्य. तरी मी हाच लावेन. तो बघितल्यावर पुढच्या रविवारी मामा स्वतःहून म्हणाले खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊ, तीही पिक्चरमधलं पथक ज्यांचं त्याच वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, तिथे वय आणि खाली घरच्यांनी दिलेली ओळ असं एकेका नावापाशी थांबत चालले होते, दोन रांगा व्हायला तासभर लागला.

तुर्की संवाद बरेच आहेत, सबटायटल चालू ठेवा.