पिस्टन की पेरिस्टाल्टिक? अँटीबॉडी भरणाऱ्यांसाठी

व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, औषध भरणाऱ्या पंपांबद्दल बोलतोय. मात्रेच्या अचूकतेपुरतं बघायचं तर रोटरी पिस्टन पंपाला (सिलिंडरमधल्या पिस्टनने मोजून औषध ढकलणाऱ्या) तोड नाही. सकाळी व्हायलमध्ये भरायचं वजन लावून दिलं की शिफ्ट संपेपर्यंत फारसं बघावं लागत नाही. मी सात वर्षं त्याच्यावरच काढली. आजही प्रोटीन नसलेलं साधं इंजेक्शन भरायचं असेल तर मी दुसरीकडे वळणार नाही. पण अँटीबॉडी, त्यातही मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वरची दाट, असेल तर माझं मत पेरिस्टाल्टिककडे, म्हणजे रोलरने लवचीक नळी दाबत औषध पुढे सरकवणाऱ्या पंपाकडे, झुकतं. ते झुकलं एका दुपारी.

व्हायलची रबरी बुचं पुरवणारा बाउल अडकला आणि लाइन पंचवीस मिनिटं उभी राहिली. पुन्हा सुरू केली तर चार नंबरचा पंप आधी कुरकुरला, मग जाम झाला. बॅच संपल्यावर वॉशिंगमध्ये तो उघडला, तेव्हा पिस्टनवर पांढुरका, वाळलेल्या खळीसारखा थर होता. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये केसाहून बारीक फट असते आणि तिथे वंगण म्हणून आपलं औषधच असतं. ते थांबून राहिलं की चिकटतं.

जाम झालेला पंप बदलता येतो, त्याचं एवढं नाही. खरा त्रास झाला व्हायल तपासताना. दोन हजार ते पावणेचार हजार लक्सचा उजेड, पाच सेकंद काळ्या पडद्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्या. व्हायल हलकेच फिरवली की तळातून अर्धपारदर्शक धागा उठायचा, गरगरायचा आणि दिसेनासा व्हायचा. एक तपासनीस म्हणायची कण, दुसरी म्हणायची बुडबुडा. लाइन सुरू झाल्यावरच्या पहिल्या चाळीस व्हायल आम्ही नियमाने बाजूला काढल्या होत्या, पण धागे नंतरच्या व्हायलमध्येही दिसत होते. मग टाकायच्या किती? साठ? दोनशे? प्रत्येक थांब्यानंतर हाच वाद, आणि क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) पटेल असं उत्तर माझ्याकडे कधीच नसायचं. माझ्यापुरता निर्णय या एका गोष्टीवर झाला.

प्रकाश अडण्यावर चालणारी कणमोजणी इथे फार आधार देत नाही. छोट्या व्हायलला 10 मायक्रॉनच्या वरचे 6000 आणि 25 च्या वरचे 600 ही मर्यादा आम्ही आरामात पाळत होतो. प्रोटीनचे कण जवळजवळ पाण्यासारखेच पारदर्शक असल्याने त्या यंत्राला ते कमी दिसतात. फ्लो इमेजिंगवर, म्हणजे वाहत्या नमुन्यातल्या कणांची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रावर, तेच नमुने लावले की चित्र वेगळं निघतं.

बरेच जण सगळं खापर शिअरवर, म्हणजे वाहताना द्रवाच्या थरांत होणाऱ्या घासाघाशीवर, फोडतात. मला ते अपुरं वाटतं. प्रोटीन पृष्ठभागावर जाऊन बसतं, दुधावर साय धरावी तसं. पिस्टन प्रत्येक फेरीत ती साय खरवडतो आणि औषधात सोडतो. वर धातूची झीज असते. पंपातून निघालेल्या स्टेनलेस स्टीलच्या नॅनोकणांभोवती अँटीबॉडीचे कण धरतात, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं आहे.

पेरिस्टाल्टिक यातून सुटलेला नाही, हे आधीच सांगतो. रोलरखाली नळी दाबली जाते, सुटते, ताणते, आणि आतल्या भिंतीवरची साय तिथेही निघते. सिलिकोनचे कणही येतात. फॉर्म्युलेशनमध्ये पॉलिसॉर्बेट (प्रोटीनला पृष्ठभागावर बसू न देणारा घटक) नसेल किंवा कमी पडत असेल तर हाही पंप तुम्हाला रडवेल. शिवाय मात्रा सरकते. नवी नळी पहिला तासभर हट्टी असते, म्हणून आम्ही ती आधी डब्ल्यूएफआयवर (इंजेक्शनसाठीच्या शुद्ध पाण्यावर) चालवून घेतो आणि मग वजन लावतो. तरीही दर थोड्या वेळाने तराजूकडे जावंच लागतं. अर्ध्या मिलिलिटरच्या खालची मात्रा, उदाहरणार्थ डोळ्यात टोचायचं औषध, असेल तर मी पेरिस्टाल्टिकचा आग्रह धरणार नाही. तिथे रोलिंग डायफ्रॅम पंप (लवचीक पडद्याने औषध ढकलणारा) बघा.

पण लाइन थांबली तर औषध नळीत उभं असतं, घासणाऱ्या दोन भागांमध्ये अडकलेलं नसतं. नोझलच्या टोकाशी वाळतं, त्यासाठी सक-बॅक (टोकावरचा थेंब किंचित आत ओढणं) नीट लावावा लागतो. बॅच संपली की नळी फेकून द्यायची, त्यामुळे पंपाच्या क्लीनिंग व्हॅलिडेशनची (तो पुरेसा स्वच्छ होतो हे सिद्ध करण्याची) कटकट संपली. बदल केल्यापासून आमच्या टेबलावर कण की बुडबुडा हा वाद क्वचितच होतो. हा एका लाइनवरचा, दोन उत्पादनांचा अनुभव आहे. तुमचं प्रोटीन वेगळं वागू शकेल.

म्हणून ठरवण्याआधी एवढं कराच. एकच लॉट, तीच नोझल, दोन्ही पंप. मध्ये मुद्दाम अर्धा तास लाइन थांबवा, पुन्हा सुरू करा आणि त्यानंतरच्या दोनशे व्हायल क्रमाने लावून ठेवा. तपासणाऱ्यांना पंप कोणता ते सांगू नका. शेवटचा धागा कितव्या व्हायलमध्ये दिसला, तो आकडा लिहून काढा.