चार रविवार, १५०० रुपये आणि संज्ञाप्रवाह : नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वर्कशॉपचा रिव्ह्यू

आधी पैशाचं सांगते, कारण ऑफिसात सगळे तेच विचारून राहिले. चार रविवारचे १५००. त्यात झेरॉक्स आणि चहा धरलेला, तर्री पोहे ज्याचे त्याने खाली जाऊन खायचे. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भरायचं हे वर्कशॉप, विषय संज्ञाप्रवाह, म्हणजे कादंबरीतल्या माणसाच्या डोक्यात जे चालू असतं ते मधे लेखकाची लुडबूड न करता कागदावर आणायचं तंत्र. मे महिन्यात भर उन्हात हे शिकायला कोण जाते, असं आई म्हणाली. चौदा जण होतो आम्ही.

नाव लिहीत नाही, कारण जे खटकलं तेही लिहिणार आहे, उगाच कोणाला वाईट नको वाटायला.

पहिला रविवार फुकट गेला. वेळ साडेदहाची, सुरू झालं सव्वाअकराला, आणि कूलर असा की जवळ बसलं तर बोलणं ऐकू येत नाही अन् लांब बसलं तर वारा लागत नाही. शिकवणारे सर त्या दिवशी आलेच नव्हते, आयोजकांपैकी एक दादा बोलले, आणि ते म्हणाले मनात येईल ते लिहा, पेन उचलू नका, फुलस्टॉप देऊ नका, झाला संज्ञाप्रवाह. अरे बाप्पा. एवढंच असतं तर आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काकू रोज सकाळी तेच करतात, त्यांना कोणी १५०० देत नाही.

पुढच्या रविवारी सर आले, रिटायर्ड प्रोफेसर, आवाज बारीक पण माणूस पक्का. त्यांनी आल्याआल्या दादांचं सगळं पुसून टाकलं. विल्यम जेम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या पुस्तकात लिहिलं होतं की विचारांना साखळी किंवा गाडीचे डबे समजू नका, ते तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं नसतं, ते वाहतं. साहित्यात हा शब्द आला १९१८ मध्ये, मे सिंक्लेअर या लेखिकेने डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना वापरला, आणि गंमत म्हणजे रिचर्डसनबाईंना तो शब्द अजिबात आवडायचा नाही. मला बाई तिथेच आवडल्या.

मग सर एका साबणावर आले. जेम्स जॉइसची युलिसिस ही कादंबरी, १९२२ साली पॅरिसमधल्या एका पुस्तकाच्या दुकानाने प्रकाशित केलेली, सगळी गोष्ट डब्लिनमधल्या एका दिवसाची, १६ जून १९०४. त्यातला नायक ब्लूम सकाळी लिंबाच्या वासाचा साबण घेतो आणि खिशात टाकतो. बस. पण तो साबण दिवसभर मधेमधे येत राहतो, बसताना टोचतो, या खिशातून त्या खिशात जातो, दुसराच विचार चालू असताना हळूच डोकं काढतो. सर म्हणाले, तुम्हाला वाटतं हे आपोआप वाहून राहिलं, पण जॉइसने प्रत्येक प्रकरणाचा तास, रंग, शरीराचा अवयव असा तक्ता केला होता. वाहतं पाणी दिसतं, पण त्याला कालवा आहे आणि तो कोणीतरी खणलाय. मी हे वाक्य झेरॉक्सच्या मागे लिहून घेतलं, कारण झेरॉक्सच्या पुढच्या बाजूला काही दिसतच नव्हतं, एवढी फिक्की होती.

आता तिसरा रविवार, माझे पैसे इथे वसूल झाले. घरून निघून क्लासला पोचेपर्यंत डोक्यात जे आलं ते अर्धं पान लिहून आणा, असा होमवर्क होता. मी आंबेडकर चौकातून मेट्रोत बसते आणि शंकरनगरला उतरते. मी लिहिलं होतं, "नागपूर स्टेशन आलं, इथल्या संत्रा मार्केटातून बाबा पेटी आणायचे आणि माझी मोठी बहीण, जी आता अमरावतीला असते, ती सालीचा रस माझ्या डोळ्यात पिळायची." वाचताना मला भारी वाटत होतं. सरांनी विचारलं, काहून सांगून राहिली तू स्वतःला, की बहीण अमरावतीला असते? तुला माहीत नाही का?

मी गप्प.

म्हणजे बघा, आपलं मन आपल्याच माणसांची ओळख करून देत नाही. "माझे बाबा", "माझी मोठी बहीण" हे सगळं ऐकणाऱ्यासाठी असतं, आत फक्त चेहरा येतो किंवा तोही येत नाही. सरांनी तिथेच खोडून मला परत लिहायला लावलं. "नागपूर स्टेशन. साल. ताई नको ना, चुरचुरते. पेटीतला पेंढा फ्रॉकला." एवढंच उरलं. पण मग वाचणाऱ्याला कळायचं कसं? तर तेच खरं काम आहे, म्हणून तर तो साबण. पुढे झाशी राणी चौकापाशी पेंढा परत आला पाहिजे, बाबांचं नाव न घेता बाबा कळले पाहिजेत. अर्ध्या पानाला मला तीन तास लागले, आणि पेन उचलू नका म्हणणारे दादा बाजूलाच बसून फोन बघत होते.

मराठीचा मुद्दाही त्याच दिवशी निघाला. व्हर्जिनिया वूल्फ तिच्या मिसेस डॅलोवे (१९२५) या कादंबरीत 'ती' म्हणत म्हणतच बाईच्या डोक्यात शिरते, आणि इंग्रजीत त्यासाठी 'मी'ची 'ती' करून, काळ मागे नेऊन बाहेरचं आणि आतलं मुद्दाम शिवावं लागतं. आपल्याकडे "ती म्हणाली मी उद्या येते" असंच बोलतो, 'मी' आणि काळ जागचे हलत नाहीत, त्यामुळे बाहेरून आत शिरणं मराठीला सोपं जातं. उलट अडचणही आहे. इंग्रजीत कोण विचार करतंय हे पानभर लपवता येतं, मराठीत 'गेले' की 'गेलो' लिहिलं की पितळ उघडं. यावर तासभर वाद झाला आणि तर्री पोह्यांची वेळ टळली, कोणाला पर्वा नव्हती.

माझी मोठी तक्रार इथेच आहे. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' १९४२ ची, याच तंत्रातली. आपण त्यांना शाळेपासून कवी म्हणूनच ओळखतो, कादंबरीकार मर्ढेकर कोणी सांगत नाही. एवढं घरचं माणूस असताना त्याला मिळाला फक्त अर्धा तास आणि दोन पानं. सर वाचत होते तेवढ्यात लाइट गेली आणि कूलर बंद झाला, तेव्हा पहिल्यांदा सगळं नीट ऐकू आलं. एक अख्खा रविवार द्या ना याला! चौथा रविवार तसाही वाया घालवला, पुस्तक कसं छापायचं आणि सोशल मीडियावर कसं टाकायचं यावर पाहुण्यांचं भाषण, मी मध्येच उठून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले.

बाकी एक गोष्ट फीमध्ये नव्हती. घरी आई सांबारवडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून राहिली होती, आणि नेहमीसारखी बोलत होती, सांबार किती महाग झाला, तुझ्या मामाच्या लग्नात पोतं भरून आणला होता, त्या पोत्याला टेकूनच तो झोपला होता आदल्या रात्री, तेव्हा ताप होता त्याला... आणि थांबली. मग म्हणाली, गॅस बारीक कर. मामा जाऊन सहा वर्षं झाली. आधी मला वाटायचं आईचं हे बोलणं म्हणजेच संज्ञाप्रवाह, सरांना तसं सांगितलंही होतं, ते नाही म्हणाले, ते बोलणं आहे, समोर तू आहेस म्हणून आहे. 'ताप होता' आणि 'गॅस बारीक कर' याच्यामधे जे झालं ते लिही.

लिहिलं. दीड पान झालं, सरांना व्हॉट्सॲप केलं, त्यांनी चार ओळी ठेवल्या. फुलस्टॉप मात्र एक घातला, म्हणाले इथे लागतो.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा कूलरने खाल्ला, एक चौथ्या रविवारने. दिवाळीनंतर परत बॅच आहे म्हणे, तेव्हा कूलरचा प्रश्न नसेल. गाडी खाली गल्लीत लावू नका, समोरचे काका हवा काढतात.