कास, माण की मायणी? कॉलेजच्या तासांसाठी कुठे काम करावं

सातारा-सांगलीतल्या मुलांना पर्यावरणाचं काम करायचं तर तीन जागा हाताशी आहेत: फुलांच्या दिवसांत कासचं पठार, उन्हाळ्यात माण-खटावचे माळ आणि हिवाळ्यात मायणी-येरळवाडीचे तलाव. आवडीचा प्रश्न नंतर येतो, आधी परीक्षांचं वेळापत्रक बघा.

तासांचा हिशोब असा. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला 120 तास लागतात, शिवाय 7 दिवसांचं शिबिर. इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. कासला गर्दी शनिवार-रविवारी असते. सप्टेंबरातले असे 8 दिवस, रोज 8 तास धरले तर 64 होतात. माणमध्ये मे महिन्यात सकाळी 6 ते 11 काम केलं तर 120 तासांना 24 दिवस पुरतात. तलावावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण 17 रविवार मिळतात. दर रविवारी 4 तास दिले की 68, म्हणजे दोन क्रेडिटं निघतात आणि वर्गही बुडत नाहीत.

कासला जाताना एक गैरसमज घरी ठेवा. तिथे वनस्पतिशास्त्र कमी आणि माणसं सांभाळणं जास्त. रांग, पार्किंग, प्लास्टिक आणि ‘ताई, फोटोपुरतं आत जाऊ नका’ हे दिवसातून शंभरदा. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. सीतेची आसवे, गेंद यांसारखी फुलं त्या थरातच उगवतात, त्यामुळे एक पायवाट पडली की पुढच्या पावसात तिथे नुसता खडक उरतो. हे चार वाक्यांत पटवून देता येणारा स्वयंसेवक तिथे खरा उपयोगाचा. फुलं ओळखायला शिकायचं असेल तर आडवारी जा, गर्दी कमी असते.

माणचं काम म्हणजे पावसाचं पाणी अडवायला माळावर चर खणणं. ते अंगमेहनतीचं, पण त्यात डोकंही लागतं. सलग समपातळी चर (सीसीटी), म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर, 2 फूट रुंद आणि 1 फूट खोल असतो. असा 5 मीटरचा चर एकदा भरला की सुमारे 900 लिटर पाणी धरतो. समपातळी शोधायला ए-फ्रेम, म्हणजे A आकाराची काठ्यांची चौकट, वापरतात. तिचा दोरीला टांगलेला ओळंबा आधी तपासून घ्या: दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींचा मध्य ही खरी समपातळी. हे टाळलं की चर एका बाजूला उतरतो, सगळं पाणी त्या टोकाला जमतं आणि बांध फुटतो. काढलेली माती उताराच्या बाजूला टाका आणि चराच्या काठापासून एक फूट जागा सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. काम माथ्याकडून पायथ्याकडे. खालून सुरुवात करणाऱ्यांचे चर वरून वाहून आलेल्या गाळाने भरतात. आणि मे महिन्यातलं ऊन 11 नंतर अंगावर घेऊ नका, टिकाव कितीही हलका वाटत असला तरी.

मायणी-येरळवाडीला पक्ष्यांची नोंद हेच काम, आणि शिकायला सर्वात जास्त तिथेच मिळतं असं आमचं मत. 8×42 ची दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी ठेवून बसायचं. थवा मोठा असेल तर आधी 10 पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा आणि तसे किती तुकडे पडतात ते मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून पाहा. थवा उडून पुन्हा बसला की तेच पक्षी दोनदा मोजले जातात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर सुरुवातीची वेळ, मिनिटं आणि चाललेलं अंतर लिहा. जागा बदलली की यादी नवीन, दिवसभराची एकच यादी करू नका. ‘खूप’ हा आकडा नव्हे. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर उथळ पाणी आणि चिखलाचे पट्टे उघडे नसतात, अशा वर्षी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले नाहीत तर नवल नाही. रिकामी गेलेली सकाळही नोंदवा, तीही माहितीच.

चांदोली-कोयनेच्या व्याघ्र प्रकल्पाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. पण बुद्ध पौर्णिमेची मचाणावरची रात्र हा अनुभव आहे, त्यात 30 तास भरत नाहीत आणि परवानगी वनविभागाची लागते.

कागदांचं मात्र तिन्हीकडे सारखंच. तारीख, किती ते किती, काय काम आणि जागेवरच्या जबाबदार माणसाची सही, हे त्याच दिवशी वहीत घ्या. महिनाअखेर सह्या गोळा करताना निम्मी माणसं भेटत नाहीत. एनएसएसचे तास इंटर्नशिपमध्ये चालतील का, हे पहिला टिकाव मारण्याआधी प्राध्यापकांना विचारा.